मॅक्स युवे सेंट्रुम, ॲमस्टरडॅम: जगज्जेत्या मास्तरांचं दालन

कामाचं आधी सांगते. हे बुद्धिबळाचे जगज्जेते मॅक्स युवे यांच्या नावाचं संग्रहालय. प्रवेश फुकट. रोज उघडं नसतं आणि संध्याकाळी तर नाहीच, म्हणून निघण्याआधी वेबसाइटवर वार आणि वेळ बघून घ्या. ॲम्स्टेल्व्हेनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना ५ नंबरची ट्राम थेट लायत्सेप्लाइनला आणून सोडते. तिथून हाकेच्या अंतरावर मॅक्स युवेप्लाइन हा चौक. जागा लहान आहे. व्हॅन गॉगची चित्रं बघायला जी झुंबड उडते तिचा इथे मागमूस नाही. घोडा अडीच घरं जातो एवढंही ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी चौकातला मोठा पट बघावा आणि खुशाल कालव्याकडे वळावं. बाकीच्यांनी पोटभर जेवून, घड्याळ न बघता यावं.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. मी सांगलीची. सांगलीत बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावची म्हटलं की बुद्धिबळवाल्यांना पुढचं सांगावं लागत नाही. नोकरी गणिताच्या बाईची, तीही मुलींच्या शाळेत, निवृत्त होईपर्यंत. मुलगा-सून इथे कंपनीत आहेत, नातवाच्या सुट्टीत मी येते. मॅक्स युवे हे पाचवे जगज्जेते, गणिताचे शिक्षक, आणि तेही ॲमस्टरडॅमच्या मुलींच्या शाळेत. एवढं कळल्यावर मी ट्यूलिपच्या बागा बघत हिंडेन असं कुणाला वाटलं असेल तर ते माणूस मला ओळखत नाही.

चौकापासूनच सुरुवात करायला हवी. जमिनीवर फरशांचा पट आहे, गुडघ्याच्या वर येणारी मोहरी आहेत आणि ती दोन्ही हातांनी उचलून न्यावी लागतात. खेळणारे दोन, सल्ला देणारे दहा. वजीर हलवायला एकजण पटावर उतरला की कडेच्या बाकावरून तीन भाषांत एकच गलका होतो. डच मला येत नाही, पण ‘अरे, हत्ती मरतोय तुझा!’ हे कुठल्याही भाषेत त्याच सुरात म्हणतात. माझा नातू, वय वर्षं नऊ, एका टकल्या गृहस्थाशी खेळला. उंट ओढत नेताना त्याची चाल विसरून जायची, इतकं ते लांबचं काम. त्या गृहस्थांनी दोनदा त्याला चाल परत घेऊ दिली. मी असते तर दिली नसती.

चौकाच्या प्रवेशाशी असलेल्या खांबांवर भारदस्त रोमन अक्षरांत एक लॅटिन ओळ कोरली आहे. लोक मान वर करून आदराने वाचतात. अर्थ एवढाच, की शहाणा माणूस वाऱ्याच्या तोंडाला लघवी करत नाही. नातवाला हे सांगितल्यावर पुढचा अर्धा तास तो कामातून गेला. पण याच जागेवर पूर्वी तुरुंग होता, हेही मी त्याला सांगितलं. ऑगस्ट १९४४ मध्ये ॲन फ्रँक आणि तिच्या घरच्यांना पकडल्यावर वेस्टरबॉर्कच्या छावणीत पाठवण्याआधी याच तुरुंगात ठेवलं होतं. त्याने ॲनबद्दल शाळेत ऐकलं होतं. हसू थांबलं. आता तिथे कॅसिनो आहे, कॉफीची दुकानं आहेत. त्यातल्या एकाने (नाव घेत नाही) गार कॉफीचे जे पैसे घेतले त्यात आमच्या विश्रामबाग चौकात सहकुटुंब मिसळ झाली असती. डबा न्या.

चौकात मास्तरांचा पुतळा आहे. तो बघा आणि वर चला.

आत गेल्यावर पहिल्यांदा पुस्तकं डोळ्यांत भरतात. नुसत्या बुद्धिबळाची हजारो. फोटो, जुनी कात्रणं, पट, आणि पहिल्या पिढीतली ती बुद्धिबळ खेळणारी यंत्रं, बटणं दाबून चाल सांगायची असलेली. टेबलं मांडलेली आहेत, कुणाशीही खेळायला बसता येतं. काम बघतात ती बहुतेक ज्येष्ठ, हौसेने येणारी मंडळी. आपल्याकडे एखाद्या सार्वजनिक वाचनालयात दुपारी पेपर वाचायला जे आजोबा असतात तेच, फक्त उंचीला फूटभर जास्त. मी भारतातून आले म्हटल्यावर एकाने ताबडतोब आनंद, प्रज्ञानंद, गुकेश अशी यादी म्हणून दाखवली. मी नाशिकच्या विदित गुजराथीची आठवण करून दिली. इथूनच तासाभराच्या अंतरावर वाइक आन झेला दरवर्षी मोठी स्पर्धा भरते, तिथे त्याने २०१८ मध्ये चॅलेंजर्स हा दुसरा गट जिंकला होता. ते आजोबांना माहीत होतं, वर त्याचा एक डावही आठवत होता. नागपूरच्या दिव्या देशमुखचं नाव मी मुद्दाम शेवटी काढलं. जॉर्जियातल्या बटुमीला महिला विश्वचषक जिंकून ती २०२५ मध्ये ग्रँडमास्टर झाली. ‘हो, बटुमी!’ म्हणून दुसरे आजोबा लांबच्या खुर्चीवरून ओरडले. तिथून मग आम्ही हललोच नाही.

आता मास्तर. ज्यांना युवे म्हणजे दोन ओळींपलीकडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी. जन्म १९०१ चा. गणितात डॉक्टरेट. हॉलंडची अजिंक्यपदं बारा. दिवसा वर्ग, सुट्टीत स्पर्धा. १९३५ मध्ये या शिक्षकाने तेव्हाच्या जगज्जेत्या अलेक्झांडर अलेखिनशी जगज्जेतेपदाचा सामना खेळला. अलेखिन त्या वेळी म्हणजे साक्षात वादळ. पहिल्या सात डावांत त्याने चार जिंकले, मास्तरांच्या खात्यात एक. तिथून ३० डावांअखेर १५½–१४½ असा निकाल मास्तरांच्या बाजूने लागला. सामना एका गावी झाला नाही. हॉलंडभर, गावोगाव फिरला, त्यामुळे आख्खा देश बुद्धिबळ खेळायला लागला. हे आजोबा तेव्हा जन्मलेही नव्हते, पण सांगतात असं, जणू पहिल्या रांगेत बसले होते. आमच्याकडे लॉर्ड्सचा १९८३ चा सामना असाच सांगतात.

आजोबांनी त्या सामन्यातला झांडवोर्टचा २६वा डाव मांडला. ३ डिसेंबर १९३५. अलेखिनकडे काळी मोहरी, आणि सुरुवातीच्या चालींसाठी त्याने निवडली ती ‘डच बचाव’ नावाची पद्धत! डच माणसाविरुद्ध, डच समुद्रकिनाऱ्यावर. याला आत्मविश्वास म्हणायचं की खोडी, यावर दोन्ही आजोबांत तिथल्या तिथे मतभेद झाले. मास्तरांनी एक मोहरा दिला आणि त्याच्या बदल्यात तीन प्यादी घेतली. घोडा किंवा उंट म्हणजे साधारण तीन प्यादी, तेव्हा हिशेब मांडला तर हा बरोबरीचा सौदा. पण पट बघा: पांढरी प्यादी मधोमध एकमेकांना खेटून उभी, आणि एकेक पाऊल पुढे. काळा वजीर, हत्ती सगळे आहेत, पण त्या प्याद्यांना अडवायला जागेवर कुणी नाही. आजोबा एक चाल करायचे, बोट उचलायचे, आमच्याकडे बघायचे. नातवाने मध्येच ‘हे प्यादं खा ना’ म्हणून सुचवलं, तर त्यांनी खाऊन दाखवलं, आणि चार चालींत काळ्याचा कसा निकाल लागतो तेही दाखवलं. ४७व्या चालीला अलेखिनने डाव सोडला. या डावाला ‘झांडवोर्टचा मोती’ म्हणतात. मी तो पूर्वी पुस्तकातून खेळून पाहिला होता. पण कुणी तरी हाताने मोहरी सरकवत, जीव लावून दाखवणं वेगळंच.

मग तो नेहमीचा मुद्दा निघालाच. अलेखिन पीत होता, म्हणून हरला. जगभरच्या बुद्धिबळवाल्यांचं हे लाडकं वाक्य. दोघांतल्या बुटक्या आजोबांचं (तेही सहा फूट असावेत) म्हणणं, प्यायलाही असेल, पण झांडवोर्टला अलेखिनने बऱ्यापैकीच चाली केल्या होत्या, समोरच्याने त्याहून चांगल्या केल्या. मला ते पटतं. वर्गात पहिली आलेल्या मुलीला ‘त्या दुसरीला ताप होता म्हणून’ असं सांगणारी काकू प्रत्येक गल्लीत असते. मास्तर स्वतः सामन्याआधी व्यायाम करून, सिगारेट-दारू दूर ठेवून तयारीने उतरले होते. तेही सामन्याचाच भाग नाही का?

माझ्या लेखी खरी गोष्ट पुढची आहे. अलेखिनने १९२७ मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं आणि नंतर त्याला परतीचा सामना कधीच मिळू दिला नाही. अटी, पैसे, पत्रव्यवहार, सगळं झालं, सामना झाला नाही. युवे जगज्जेते झाले आणि दोन वर्षांत अलेखिनला परतीचा सामना देऊन मोकळे. १९३७ मध्ये अलेखिन तयारीने आला आणि १५½–९½ असा एकतर्फी जिंकला. मुकुट गेला. मास्तर पुन्हा वर्गावर गेले. मी आजोबांना विचारलं, त्यांनी तो सामना आणखी थोडा लांबवला असता तर? काही बिघडलं असतं का? उंच आजोबा म्हणाले, ‘मग आम्ही इथे बसलो नसतो, मॅडम.’ इंग्रजीतच म्हणाले, मी मराठीत लिहिलं इतकंच.

गणितवाल्यांनी थांबावं असं एक ठिकाण इथे आहे, निदान माझ्यासाठी होतं. १९२९ मध्ये युव्यांनी एक निबंध लिहिला. प्रश्न असा: बुद्धिबळाचा डाव कधीच न संपता चालू राहू शकतो का? तेव्हाच्या एका नियमाप्रमाणे चालींचा तोच क्रम लागोपाठ तीनदा आला की डाव बरोबरीत. मग डाव संपणारच, असं कुणालाही वाटेल. मास्तरांनी दाखवलं की नाही, हा नियम पुरेसा नाही. मी वहीचं पान फाडून नातवाला तिथेच करून दाखवलं. शून्य लिही. त्याच्या पुढे त्याचं उलट, म्हणजे एक. आता या दोघांचं उलट पुढे जोड: ०११०. पुन्हा सगळ्याचं उलट पुढे जोड: ०११०१००१. असंच करत राहा. या रांगेत कुठलाही तुकडा सलग तीनदा येत नाही, कितीही लांब लिहिलीस तरी. आता समजा, शून्य म्हणजे दोघांनी राजाकडचा घोडा बाहेर काढून परत जागेवर ठेवायचा आणि एक म्हणजे वजिराकडचा घोडा. झाला की न संपणारा डाव! पंचांना बोलता येणार नाही. ही रांग त्यांच्या आधी इतर गणितज्ञांनाही सापडली होती, पण मास्तर आपल्या वाटेने तिथे पोचले. नातवाने पान भरेस्तोवर आकडे काढले आणि तीनदा येणारा तुकडा सापडतो का म्हणून शोधत बसला. सापडला नाही. आता नियम वेगळे आहेत, तीच स्थिती तीनदा आली तरी बरोबरी मागता येते, त्यामुळे ही वाट बंद झाली.

पुढे हेच मास्तर संगणकाच्या कामात शिरले आणि १९६४ पासून रॉटरडॅम आणि टिलबर्गला संगणकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथली ती जुनी यंत्रं नुसती शोभेला नाहीत, हे तेव्हा लक्षात येतं.

खेळाडू म्हणून त्यांचं पडतं वर्षही इथे कुणी लपवत नाही. १९४८ च्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत पाच जणांत शेवटचे, २० डावांत ४ गुण. विषय निघाला की आजोबा मंडळी नुसती मान हलवतात आणि लगेच १९५३ ची झ्युरिकची स्पर्धा काढतात, जसं आपल्या घरात एखाद्याच्या नापास झालेल्या वर्षाचा विषय बदलतात. काढतात तेही बरोबरच. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, समोर सोव्हिएत संघाचा तरणाबांड गेलर. त्याने राजावर हल्ला चढवलेला, वजीर थेट घरात घुसलेला. मास्तरांनी २२व्या चालीला आपला हत्ती कोपऱ्यात नेऊन ठेवला, घे म्हणून. पांढऱ्या वजिराने तो घेतला आणि कोपऱ्यात जाऊन अडकला, तोवर काळी फौज त्याच्या राजाच्या दारात. २६व्या चालीला खेळ खलास. हा डाव मात्र मी मांडला, आजोबांनी बघितला. सांगलीची अब्रू राखली.

अमेरिकेच्या बॉबी फिशरशिवाय असली बैठक पुरी होत नाही. फिशर जेमतेम चौदा वर्षांचा असताना १९५७ मध्ये न्यूयॉर्कला मास्तर त्याच्याशी दोन डाव खेळले होते, एक जिंकला, एक बरोबरीत. हाच फिशर पुढे त्यांच्याबद्दल म्हणाला असं सांगतात, की या माणसात काहीतरी गडबड आहे, फारच सरळ आहे हा! दोन्ही आजोबांनी हा किस्सा एकदमच सांगायला सुरुवात केली. मग कोण सांगणार यावरून अडलं.

१९७२. आमच्याकडे दुष्काळाचं वर्ष. सुकडीची रांग आणि आइसलंडमध्ये रेक्याविकला चाललेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्याच्या चाली, दोन्ही गोष्टी एकाच पेपरात यायच्या. माझे वडील संध्याकाळी पट मांडून फिशर आणि तेव्हाचा सोव्हिएत जगज्जेता स्पास्की यांच्या चाली लावायचे. फिशरने पहिला डाव गमावला, दुसऱ्याला आलाच नाही, तरी शेवटी १२½–८½ ने जिंकला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण तो सामना झालाच कसा, यात मास्तरांचा हात होता. १९७० पासून ते फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष. फिशर वेळेवर पोचलाच नाही, तेव्हा त्यांनी सामना दोन दिवस पुढे ढकलला. रशियन मंडळी चिडली, नियम मोडला म्हणाली. मास्तरांनी उघडपणे मान्य केलं, की हो, मोडला. अध्यक्षाच्या खुर्चीत बसून असं म्हणणारी माणसं तुम्ही किती बघितलीत? बुटक्या आजोबांना हे मुळीच आवडत नाही. त्यांच्या मते फिशरला तेव्हाच घरी पाठवायला हवं होतं, लाड केले म्हणून १९७५ उगवलं. १९७५ ला फिशरने दहा विजयांपर्यंत सामना मागितला, तो मिळाला. डावांना मर्यादा नको म्हणाला, तेही मिळालं. ९–९ झाले तर मुकुट माझ्याकडेच राहावा, एवढं मात्र फिडेने दिलं नाही. तो खेळला नाही आणि त्याला आव्हान देणारा सोव्हिएत कारपोव्ह न खेळता जगज्जेता झाला. मला स्वतःला वाटतं १९७२ ला मास्तर बरोबर होते. दोन दिवसांची सवलत देऊन त्यांनी शतकातला सामना वाचवला. आजोबांना ते पटलं नाही, मला त्यांचं पटलं नाही. डच माणसं तोंडावर ‘नाही’ म्हणतात हे सूनबाईने सांगितलं होतं, ते मात्र खरं निघालं.

कोर्चनोयवर मात्र एकमत. १९७६ मध्ये याच शहरात स्पर्धा खेळून सोव्हिएत खेळाडू व्हिक्टर कोर्चनोयने पोलिसांकडे जाऊन आसरा मागितला. सोव्हिएत संघटनेला त्याला जगज्जेतेपदाच्या फेऱ्यांतून बाहेर काढायचं होतं. मास्तरांनी ते होऊ दिलं नाही. कोर्चनोय १९७८ मध्ये थेट कारपोव्हसमोर जाऊन बसला. त्याच वर्षी मास्तरांचं अध्यक्षपद संपलं आणि १९८१ मध्ये ते गेले. हे केंद्र १९८६ पासून आहे.

ताल, फिशर, अलेखिन अशा जगज्जेत्यांच्या चाहत्यांकडे वेडेपणाचे किस्से पोत्याने असतात. युव्यांच्या चाहत्यांकडे तसलं फारसं नाही. ते सांगतात की यांनी परतीचा सामना दिला, शब्द पाळला, चूक झाली तर झाली म्हटलं. ऐकताना सुरुवातीला सपक वाटतं. मग लक्षात येतं की बोलता बोलता या दोघांचे आवाज चढलेत, चहा गार झालाय आणि दुसऱ्या टेबलावरचा तरुण आपला डाव सोडून आमचं ऐकतोय.

मुलं नेत असाल तर आधी चौकात दमवा, मग वर न्या. आत हळू बोलायचं असलं तरी कुणी डोळे वटारत नाही. फोटोंखालचं डच वाचायला मोबाइलवरचं भाषांतर कामी येतं, पण त्यापेक्षा तिथल्या कुणाला विचारा, वाचण्यापेक्षा दुप्पट कळतं. खेळायची लाज वाटत असेल तर तीही चौकात ठेवून या, आजोबा मुद्दाम हरत नाहीत पण चुकलेली चाल समजावून देतात. मी त्या हजारो पुस्तकांच्या कपाटांसमोरून दोनदा फिरले, मराठी अक्षर काही माझ्या नजरेला पडलं नाही. उंच आजोबांना विचारलं, आणलं तर ठेवाल का? ते म्हणाले, वाचता येणार नाही, पण चाली तर कळतील. पुढच्या खेपेला सामानात लोणच्याची एक बरणी कमी करून वडिलांचं एक पुस्तक आणणार आहे. सूनबाईला अजून सांगितलेलं नाही.